एका टाचणीतले दोन कागद

दसऱ्याच्या आधी आत्याच्या भोसरीच्या घरचा माळा उतरवायचा होता, म्हणून मी आणि अण्णाकाका गेलो होतो. मी शिडीवर, अण्णाकाका खाली खुर्चीत आणि आत्या पदर खोचून आमच्या दोघांच्याही चुका काढत उभी. तांब्याचा बंब उतरला, मोडका पाळणा उतरला, मग पत्र्याची पेटी आली. पेटीत वर लग्नाचा शालू, त्याखाली वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्राखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पगाराच्या चिठ्ठ्या. १९९६ ते २००२ पर्यंतच्या. आत्या तेव्हा एका कारखान्यात कॉइल गुंडाळायच्या कामाला होती. आजोबा गेल्यावर धाकट्या काकाचं आयटीआय झालं ते त्याच पगारातून, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी फारसं बोलत नाही.

अण्णाकाकांनी चष्मा लावला. ते याच भागातल्या दुसऱ्या एका कारखान्यात टाइम-ऑफिसला तीस-बत्तीस वर्षं होते. हजेरी, पगारपत्रक, ईएसआय, फंड, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण पगाराची चिठ्ठी दिसली की त्यांचा हात अजून खिशातल्या पेनाकडे जातो.

‘कुसुम, हा फंड तू काढलास का गं?’

‘कुठला?’

‘हा. कॉइलच्या कंपनीतला.’

‘नाही. कंपनी बंद पडली, माझं लग्न ठरलं. कोण खेटे घालतंय?’

‘मग ते पैसे अजून आहेत.’

‘असू देत. पिशवी होती तिथे ठेव.’

एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण अण्णाकाका फंडाच्या बाबतीत कोणाला असं सोडत नाहीत, आणि आत्या कशाच्याच बाबतीत हार मानत नाही. चहा दोनदा झाला, पेटी तशीच उघडी राहिली. मी मध्येमध्ये मोबाइलवर शोधून देण्यापुरता होतो.

‘हा बघ नंबर,’ अण्णाकाका चिठ्ठी उजेडाकडे धरून म्हणाले. ‘एमएच, तिरपी रेघ, कारखान्याचा कोड, तिरपी रेघ, तुझा नंबर. आता हाच बावीस अक्षरांचा लिहितात. पुढे विभागाची दोन अक्षरं, मग कार्यालयाची तीन, मग सात आकडी कारखाना, तीन आकडी जोड आणि शेवटी सात आकडी माणूस.’

‘सातशे त्रेचाळीसावी बाई मी. एवढंच लक्षात आहे. पगाराच्या दिवशी त्याच नंबराने हाका मारायचे.’

‘तुझी चिठ्ठी नसती तरी चाललं असतं. त्या वेळच्या एखाद्या मैत्रिणीचा नंबर मिळाला असता तरी कारखान्याचा कोड कळला असता, तो सगळ्यांना एकच. नाहीतर फंडाच्या संकेतस्थळावर कारखान्याचं नाव टाकून शोधता येतं. कंपनी बंद झाली म्हणजे खातं बंद झालं असं नसतं.’

‘अण्णा, किती असतील रे ते? दोन हजार पगार होता माझा.’

अण्णाकाकांना हा प्रश्न हवाच होता. त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडला. तुझे बारा टक्के, कंपनीचे बारा टक्के, पण कंपनीच्या बारातले ८.३३ पेन्शनकडे जातात, म्हणजे खात्यात तिचे ३.६७. सहा वर्षांचे व्याजासकट पंचवीस-अठ्ठावीस हजार धर. साडेआठ टक्क्यांनी रक्कम साडेआठ वर्षांत दुप्पट होते. २००२ ते २०११ एकदा दुप्पट. मग मध्ये खड्डा. तीन वर्षं भर पडली नाही की खातं निष्क्रिय आणि व्याज बंद, असा नियम १ एप्रिल २०११ पासून लागू केला होता. तो नोव्हेंबर २०१६ मध्ये बदलला. तिथपासून आजवर पुन्हा दुप्पट.

‘म्हणजे लाखाच्या घरात,’ ते म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

आत्या क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘बरंय की. कोणी हात लावला नाही म्हणून लाखाचे झाले. काढले असते तर त्याच वर्षी संपले असते. मग आता हात कशाला लावतोस?’

याला पटकन उत्तर नाही. जे बचतीवर पुस्तकं लिहितात ते हेच सांगतात की पैशाला हात लावू नका. आत्याने पुस्तक न वाचता तेवीस वर्षं ते पाळलं होतं.

अण्णाकाकांनी दुसरी बाजू धरली. ‘तुझी एकूण खाती किती? कॉइलची कंपनी. मग २००७ ते १० मोल्डिंगवाल्याकडे. मग २०१६ ते १८ हॉस्पिटलात त्या साफसफाईच्या ठेकेदाराकडे. तीन नोकऱ्या, तीन नंबर. यूएएन फक्त शेवटच्याला. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये यूएएनचा कार्यक्रम झाला, तेव्हा पंतप्रधानांनीच भाषणात सांगितलं होतं की सत्तावीस हजार कोटी रुपये असे पडून आहेत, कोणाचे ते कळत नाही.’

‘म्हणजे मी एकटीच वेंधळी नाही.’

‘तो बारा आकडी नंबर त्याचसाठी काढला. माणूस एक, नंबर एक, नोकऱ्या कितीही.’

‘आपली आई पैसे कुठे ठेवायची आठवतं?’ आत्या म्हणाली. ‘थोडे तांदळाच्या डब्यात, थोडे डाळीच्या डब्यात, थोडे देवघरातल्या फोटोमागे. सगळे एका ठिकाणी ठेवायला तिला काय कळत नव्हतं? एक डबा हाताला लागला तरी बाकीचे राहायचे.’

‘अगं, हे डबे वेगळे नाहीत. ही एकाच कोठारातल्या धान्याची तीन मापं आहेत. खजिना एक, व्याज एक, गेल्या वर्षी ८.२५ होतं ते तिन्हींना ८.२५. बुडायचं असेल तर तिन्ही बुडतील, तरायचं असेल तर तिन्ही तरतील. वेगळं ठेवून तू काही वाचवत नाहीस. पावत्या तेवढ्या तीन जपतेस, आणि त्यातलीही एक आज माळ्यावरून आली.’

मला वाटलं, इथे अण्णाकाका जिंकले. मुद्दा बिनतोड होता. पण आत्याला कोठाराची काळजी नव्हतीच.

‘खालच्या मजल्यावरच्या ताई आहेत ना, त्यांच्या मिस्टरांनी दोन खाती एक करायला दिली. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नव्हती. त्यामुळे दुसऱ्या कंपनीची सुरुवात पहिली नोकरी चालू असतानाची दिसली. एकाच वेळी हा माणूस दोन ठिकाणी कामाला कसा, म्हणून अर्ज परत. चार महिने झाले, आता मुलीच्या लग्नाला हवे होते तेही अडले. वेगळी असती तर एक तरी चाललं असतं.’

‘होतं असं,’ अण्णाकाकांनी कबूल केलं. ‘सोडल्याची तारीख आता सभासदाला स्वतः टाकता येते, २०२० पासून. शेवटचा हप्ता भरल्यावर दोन महिने गेले पाहिजेत, बस.’

‘स्वतः म्हणजे कशी?’

‘मोबाइलवर ओटीपी येतो.’

‘कोणाच्या मोबाइलवर?’

अण्णाकाका थांबले. आत्याच्या आधारला जोडलेला मोबाइल तिच्या मुलाचा आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो एकवीस वर्षांचा आहे, सज्जन आहे, आणि त्याला छोटा हत्ती घ्यायचा आहे. टेम्पोच्या पहिल्या हप्त्यासाठी तो गेले सहा महिने घरात ज्याच्या त्याच्याकडे आशेने बघतोय.

‘आता कळलं?’ आत्या म्हणाली. ‘तुझा तो एक नंबर झाला की पासबुक उघडणार त्याच्या फोनवर. लाख रुपये दिसले की तो मागणार, आणि त्याने मागितले की मी देणार. मला माझी खात्री नाही, अण्णा. म्हणून ते सातशे त्रेचाळीसकडेच बरे आहेत.’

मला त्या दुपारचं हे सगळ्यात खरं वाक्य वाटलं. आपण ‘हरवलेले पैसे’ म्हणतो त्यातले काही हरवलेले नसतात, ठेवलेले असतात. बायकांची बचत घरातल्यांच्या नजरेआड असते, कारण नजरेसमोर आली की ती घराची होते. भिशी, बचत गट, जावेकडे ठेवायला दिलेल्या पाटल्या, आणि फंडाचं विसरलेलं खातं हे सगळं एकाच गोतावळ्यातलं. फरक इतकाच की जावेला आठवण करून देता येते.

अण्णाकाकांनी मात्र हे अनपेक्षित ठिकाणाहून उचललं. ‘कुसुम, तुला गंमत सांगतो. फंडाच्या १९५२ च्या योजनेत कुटुंब म्हणजे कोण याची व्याख्या आहे. बाई सभासद असली तर नवरा, मुलं, तिच्यावर अवलंबून असलेले आईवडील, सासूसासरे, असे सगळे. पण पुढे लिहिलंय की तिने कमिशनरला लेखी कळवलं, की नवऱ्याला वगळायचं आहे, तर नवरा कुटुंबातून बाहेर. फंडापुरता.’

‘कारण द्यावं लागतं?’

‘नाही. तिची इच्छा, एवढं पुरे.’

आत्या खळखळून हसली. ‘दाजी गावाला गेलेत तोवर हे सांगतोस होय?’ मग थोड्या वेळाने, ‘आणि पोराला वगळायचं कलम?’

‘ते नाही. पण तुझा स्वतःचा मोबाइल घेऊन तो आधारला जोडायला कोणाचं कलम लागत नाही. आणि हे बघ, त्या कॉइलच्या कंपनीत तू वारस कोणाला लावलं होतंस?’

‘आईला.’

‘आई जाऊन अकरा वर्षं झाली. आणि तसंही लग्नाआधी, कुटुंब नसताना लावलेलं नाव कुटुंब झाल्यावर आपोआप रद्द धरतात, नवं द्यावं लागतं. म्हणजे आज त्या खात्याला वारस नाही. उद्या तुला काही झालं तर पोराला हे खातं आहे हेच कळणार नाही. पंचावन्ननंतर माणूस निवृत्त झाला, तीन वर्षांत पैसे मागितले नाहीत, की खातं निष्क्रिय. त्यानंतर सात वर्षं कोणी विचारलं नाही की रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत. तिथून पंचवीस वर्षं मागता येते, मग सरकारजमा.’

‘म्हणजे माझ्या पैशातून म्हाताऱ्याकोताऱ्यांचं भलं होईल? होऊ दे की.’

‘तू मरून भलं करणार, आणि इथे गुडघ्याला पट्टा घ्यायचा तर तीन दुकानं फिरतेस.’

गुडघ्याचा विषय सकाळी निघाला होता. चाकणच्या एका कंपनीत मेस चालवणाऱ्या ठेकेदाराने आत्याला पोळ्यांच्या बायकांवर देखरेखीला बोलावलं होतं, आणि तिने गुडघा पुढे करून नाही म्हटलं होतं.

इथे मी तोंड घातलं, कारण माझेही दोन यूएएन आहेत. दुसऱ्या नोकरीच्या वेळी मनुष्यबळवाल्यांनी जुना नंबर विचारला नाही, मी सांगितला नाही, आणि नवा निघाला. अण्णाकाका माझ्याकडे अशा नजरेने बघतात, जणू मी दोन लग्नं केलीत. जुन्यातले पैसे नव्यात आणायचे, मग जुना नंबर बंद होतो, एवढंच करायचं असतं, आणि तीन वर्षं मी ते केलेलं नाही. शिवाय सलग पाच वर्षं भरायच्या आत फंड काढला तर त्यावर कर लागतो, रक्कम पन्नास हजार किंवा वर असेल तर दहा टक्के आधीच कापून घेतात. खाती जोडली तर आधीच्या नोकरीची वर्षं या पाचात धरली जातात. हे मला माहीत आहे. माहीत असणं आणि अर्ज भरणं यांच्यात माझे बरेच रविवार गेले आहेत. आत्याला मी काय शिकवणार!

‘पैशाचं सोड,’ अण्णाकाका म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. ‘मला तुझी वर्षं हवीत. पेन्शनला दहा वर्षं लागतात. कॉइलची सहा, मोल्डिंगची तीन, हॉस्पिटलची दोन. किती झाली?’

‘अकरा.’

‘वेगवेगळी ठेवलीस तर सहा, तीन, दोन. कशालाच पेन्शन नाही. खाती जोडताना फंडाचे पैसे हलतात, पेन्शनचे पैसे हलत नाहीत, ते मोठ्या सामाईक निधीत असतात. हलतात ती वर्षं. म्हणून जोडायचं.’

‘आणि पेन्शन किती?’

‘शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी, गुणिले वर्षं, भागिले सत्तर. तुझी अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर हजार-बाराशे मिळतील. २०१४ पासून किमान हजाराची हमी आहे.’

‘हजार रुपये,’ आत्या म्हणाली. ‘एक गॅसची टाकी आणि वर कोथिंबिरीच्या चार जुड्या.’

‘दरमहा. मरेपर्यंत. आणि तुझ्यानंतर दाजींना त्यातला अर्धा.’

‘त्यांना वगळता येतं म्हणालास ना मघाशी?’

‘पेन्शनमधून नाही.’

आत्याने चहाचे कप उचलले. ती थट्टा करत होती, पण नाही म्हणत नव्हती. आतून म्हणाली, ‘बरं, करायचं काय?’

मी मोबाइलवर दुरुस्तीचा अर्ज उघडून ठेवला होता. जुन्या खात्यावरची माहिती यूएएनवरच्या माहितीशी जुळत नसेल तर आधी तो भरायचा. कंपनी चालू असेल तर मालक आणि कामगार दोघांच्या सह्या. कंपनी बंद असेल तर बँकेचा मॅनेजर, पोस्टमास्तर, राजपत्रित अधिकारी, सरपंच यांच्यापैकी कोणाची तरी साक्ष.

आता आत्याचं काय जुळत नाही ते ऐका. कॉइलच्या कंपनीत ती कुसुम, मधलं नाव आजोबांचं, आडनाव आमचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिलं ते मनीषा, मधलं नाव दाजींचं, आडनाव त्यांचं. तीनच्या तीन शब्द बदलले. ज्या संगणकाला ‘सुनीता’च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं चालत नाही, त्याला हे कसं पटायचं? आणि जन्मतारीख? शाळेत गुरुजींनी १ जून लावली, महाराष्ट्रातल्या तिच्या वयाच्या निम्म्या लोकांसारखी, तीच आधारवर आहे. पण कॉइलच्या कंपनीत कारकुनाने तोंडी विचारलं, आणि हिने खरी सांगितली. दिवाळीच्या पाडव्याची.

‘म्हणजे एकदाच खरं बोलले तिथेच अडलं,’ ती म्हणाली.

लग्नाचा दाखला लागणार होता, नावबदलाचं गॅझेट लागणार होतं. लग्नाच्या नोंदणीचा राज्याचा कायदा १९९८ चा, लग्न २००२ चं, पण नोंदणी कोणी केली नव्हती. अण्णाकाका हे सगळं बोटांवर मोजत होते. मी फोन आत्यासमोर धरला. अर्जात एक तक्ता होता. एका रकान्यात चुकीची नोंद, शेजारच्या रकान्यात बरोबर नोंद.

आत्याने तो तक्ता बराच वेळ बघितला.

‘इथे काय लिहायचं? चुकीचं मध्ये?’

‘कुसुम,’ अण्णाकाका म्हणाले.

‘आणि बरोबरमध्ये?’

‘मनीषा.’

‘कुसुम चुकीचं कधीपासून झालं, अण्णा? सहा वर्षं कुसुमने हात सोलून घेतले त्या तारेने. तुम्ही सगळे अजून मला कुसुमच म्हणता. पैसे कुसुमने मिळवले, आणि ते घ्यायला मनीषाने यायचं, तेही कुसुम चूक होती असं लिहून?’

अण्णाकाकांना यावर बोलता आलं नाही. मला एक कारकुनी उत्तर सुचलं, की तो रकाना फक्त नोंदीबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. सुदैवाने मी ते बोललो नाही. ‘पूर्वीची नोंद’ आणि ‘आताची नोंद’ असं छापायला शाईही जास्त लागली नसती. एक माणूस जन्मापासून निवृत्तीपर्यंत एकाच नावाने, एकाच तारखेने, एकामागून एक नोकऱ्या करत जातो, असं गृहीत धरून ही सगळी यंत्रणा उभी आहे. असा माणूस असतो, नाही असं नाही. तो बहुतेक वेळा पुरुष असतो.

अण्णाकाका उठून खिडकीपाशी गेले, परत आले. ‘मोल्डिंगवाल्याकडून सोडलंस तेव्हा फंड काढला होतास ना?’

‘हो. घरावरचे पत्रे बदलले नाही का त्यात!’

‘सही किती कागदांवर केलीस?’

‘आता पंधरा वर्षांनी काय आठवणार? कारकुनाने जिथे फुली मारली होती तिथे केली.’

अण्णाकाका खाली बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून आधी कधी ऐकलं नव्हतं. फंड काढायचा अर्ज म्हणजे फॉर्म १९. पेन्शनचा वेगळा, १०-सी. नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर १०-सी वर दोन पर्याय असतात. पेन्शनचे पैसे रोख घ्या आणि ती वर्षं पुसून टाका, किंवा रोख घेऊ नका, वर्षांचं सर्टिफिकेट घ्या आणि पुढच्या नोकरीत जोडा.

‘आम्ही टाइम-ऑफिसात काय करायचो? दोन्ही कागद एका टाचणीत लावलेले असायचे. बाई लग्न ठरलं म्हणून सोडून जायची, हिशेब घ्यायला यायची, मी म्हणायचो, इथे सही, इथे सही. कोऱ्यावर. रोखीच्या चौकटीत खूण नंतर मी करायचो. तिला विचारत नव्हतो. लग्न होऊन चालली, आता ही कशाला परत नोकरी करते, असं धरून. पुरुष गेला तर एखाद्याला सर्टिफिकेटचं सांगायचो. बाईला एकीलाही सांगितल्याचं आठवत नाही.’

बाहेर कोणीतरी गादी झटकत होतं. तेवढाच आवाज.

‘म्हणून माझ्या मागे लागलायस होय,’ आत्या म्हणाली.

‘त्या मोल्डिंगवाल्याच्या कारकुनानेही तेच केलं असेल, तर तुझी मधली तीन गेली. मग सहा आणि दोन. आठ.’

‘कळायचं कसं?’

‘तुझं बँकेचं जुनं पासबुक आहे? २०१० चं. फंडाचे आणि पेन्शनचे पैसे वेगवेगळे जमा होतात. एक नोंद असेल तर वर्षं आहेत. दोन असतील तर नाहीत.’

पासबुक त्याच पेटीत होतं. आत्या कागद टाकत नाही. पानं एकमेकांना चिकटलेली, छपाई फिकट. अण्णाकाकांनी ते हातात घेतलं आणि माझ्याकडे दिलं. मी जुलै काढला, ऑगस्ट काढला. चोवीस हजार आणि काही. त्याखाली सहकारी पतपेढीचा हप्ता. त्याखाली, नऊ दिवसांनी, अकरा हजार आठशे चाळीस.

‘दोन,’ मी म्हणालो.

अण्णाकाकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. ‘एकही शब्द न सांगता,’ ते पुटपुटले. ‘तीन वर्षं. अकरा हजारांना.’

‘थांब, थांब,’ आत्या म्हणाली. ‘ते अकरा हजार होते होय! मला वाटायचं कंपनीने बोनस दिला. अरे, त्याची मी पिको-फॉलची मशीन घेतली.’ तिने कोपऱ्याकडे हात केला. मशीनवर कापड टाकलेलं होतं आणि कापडावर अर्धवट ब्लाउज. ‘पंधरा वर्षं झाली. पोराची फी, दाजींचं ऑपरेशन, सगळं या मशीनवर झालं. तुझ्या पेन्शनने दिलं असतं का रे एवढं? त्याने विचारलं असतं तरी मी रोखच घेतले असते.’

‘विचारलं असतं तर,’ अण्णाकाका म्हणाले.

‘हां. विचारायला पाहिजे होतं,’ आत्याने मान्य केलं.

दोघंही एकदमच थकल्यासारखे दिसले. मी शिडी घडी करून भिंतीला लावली. आता आठच वर्षं, म्हणजे पेन्शनचा प्रश्नच मिटला, असं मला वाटलं. अण्णाकाकांचा सगळा भर ज्या अकरावर होता ते अकराच राहिले नव्हते. लाखभर रुपये कुसुमच्या नावावर होते तसेच राहिले काय आणि हलवले काय.

आत्याने पगाराच्या चिठ्ठ्या पुन्हा पिशवीत भरल्या. पण पिशवी पेटीत टाकली नाही, मशीनच्या खणात ठेवली.

‘अण्णा, दहा म्हणजे दहाच लागतात का?’

‘साडेनऊ झाली की दहा धरतात. सहा महिने किंवा वर असतील तर पूर्ण वर्ष.’

‘म्हणजे दीड वर्ष कमी पडतंय.’

‘दीड. आणि आधीची सहा जोडलेली पाहिजेत, नाहीतर तेही नाही.’

‘ते कुसुम चुकीचं वगैरे तूच लिही, तुझ्या अक्षरात. मी नाही लिहिणार. सही करीन.’ मग तिने माझ्याकडे हात पसरला. ‘फोन दे जरा. तो चाकणचा मेसवाला आहे ना, त्याला विचारते, फंड कापतो का म्हणून.’